विल्यम हॅस्कटची चतुःसीमा

१० जानेवारी, शुक्रवार

विहीणबाई येऊन आज सहा दिवस. व्हर्जिनियाहून दोन बॅगा आणल्या. एकीत कपडे, दुसरीत पूर्वज. चार जाड फायली, रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या.

मीराच्या खोलीतली माझी खाट त्यांना दिली. कुणी मागितली नव्हती, मीच दिली. त्यांच्या गुडघ्यांचं कारण झालं. गुडघे मलाही आहेत. मी हॉलमध्ये सोफ्यावर. कूस बदलली की सोफा कुरकुरतो आणि मिलिंद आतून विचारतो, आई ठीक ना? ठीक.

मीरा त्यांना 'नाना' म्हणते. त्यांच्याकडे आजीला म्हणतात म्हणे. आमच्याकडे नाना म्हणजे धोतरातले गृहस्थ. सूनबाईंना, एमिलीला, आई आल्याचा इतका आनंद आहे की घरात कुणी काही बोलायचीच सोय नाही.

रात्री जेवताना विहीणबाईंनी, कॅरलबाईंनी, थोडी वाईन मिळेल का विचारलं. मिलिंदने सांगितलं, इथे शारजात दारूला बंदी. त्यांनी हसून ताक घेतलं आणि दोनदा मागून घेतलं. माझं ताक.

१३ जानेवारी, सोमवार

मीराच्या शाळेत 'माय रूट्स' नावाचा प्रकल्प. सहा फेब्रुवारीला प्रत्येक मुलाने आपल्या पूर्वजांबद्दल बोलायचं. शेजारी एक खुर्ची. तिच्यावर एक आजी किंवा एक आजोबा. एकच, वर्ग लहान आहे.

मीराने नानाचं नाव देऊन टाकलं. मी पोळ्या करत होते, तिथे येऊन सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, असंही सांगितलं. अकरा वर्षांची पोर.

"नानाकडे प्रूफ आहे, आजी. यू डोन्ट हॅव डॉक्युमेंट्स."

मला सांगते. बी. ए. इतिहास. चिपळूणला वकिलांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं टायटल सर्च, जमीन खरी कुणाची ते शोधणं. अर्ध्या तालुक्याच्या जमिनींचे तीस-तीस वर्षांचे दस्त, फेरफार, सातबारे या डोळ्यांखालून गेलेत. माझ्या सहीच्या सर्चवर बँका कर्ज देत.

पोळी करपली.

१५ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी अल मजाजच्या पाण्याकाठी फिरायला सगळे. मीरा आणि कॅ.बाई पुढे, हातात हात. मी आणि एमिली मागे. तिने समजावून सांगितलं ते असं. आईने बावीस वर्षं घालवून शोधलेला मूळ पुरुष म्हणजे विल्यम हॅस्कट. तीनशे वर्षांपूर्वीचा. नदीकाठी नऊशे एकर, काउंटीच्या कोर्टात न्यायाधीश, चर्चच्या कारभारी मंडळात. अशा जुन्या घराण्यांच्या वंशजांची एक संस्था आहे, तिथे आईला सभासद व्हायचंय. अर्ज फेब्रुवारीत जायचा आहे. पुढच्या वर्षी त्या पंच्याहत्तरच्या होतील, त्याआधी.

मी विचारलं, पुरावा पूर्ण आहे का?

एमिली म्हणाली, जवळजवळ.

जवळजवळ. हा शब्द घेऊन घरी आले.

१७ जानेवारी, शुक्रवार

शाळेला सुट्टी. मीरा दिवसभर नानाच्या फायलीत. जेवायला तीनदा हाक मारली.

दुपारी त्या झोपल्यावर फाईल बघितली. (टेबलावर उघडीच होती.) माणूस व्यवस्थित, हे मान्य. प्रत्येक पिढीला एक पान. पण एका ठिकाणी न्यायाधीश हॅस्कट आणि त्याचा म्हणून लावलेला मुलगा जोसेफ यांच्यामध्ये शिसपेन्सिलीने लिहिलंय, 'बहुधा'.

आमच्या वकीलसाहेबांनी 'बहुधा' लिहिलेला सर्च तोंडावर फेकला असता.

उठल्यावर सरळ विचारलं, मूळ दस्त बघायला मिळतील का? मला वाटलं, आढेवेढे घेतील. बाईंनी मिठी मारली. पासवर्ड लिहून दिला. जुनी कोर्ट बुकं आणि जमिनीच्या दस्तांची बुकं, सगळी पानं फोटो काढून ठेवलीत, घरबसल्या बघता येतात. म्हणाल्या, त्यांच्या घरात आजवर कुणीच हे वाचायला मागितलं नव्हतं.

मला मिठ्या चालत नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस रोज सकाळी लॅपटॉप. अक्षर वाकडं, पण मोडी वाचलेल्याला इतकं काही नाही. दोन दिवसांत नजर बसली.

त्यांची पद्धत कळली. सूचीत हॅस्कट नाव शोधायचं, ते पान काढायचं, नावं आणि साल उतरवायचं, पुढे जायचं. हद्दी वाचतच नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, तेवढा भाग कंटाळवाणा असतो, नुसती झाडं आणि ओढे.

नुसती झाडं आणि ओढे! दस्तात खरं बोलणारी तीच एक जागा. माणूस वय खोटं सांगतो, जात खोटी सांगतो, बापाचं नाव खोटं सांगतो. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, हे खोटं सांगून चालत नाही, कारण पूर्वेचा माणूस जिवंत असतो आणि भांडायला येतो.

यांच्याकडे दिशा मोजून सांगतात. पांढऱ्या ओकपासून अमुक अंश, इतके पोल, अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट. गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, म्हणजे बरोबर दोन पोल. मोजणारे तेच साहेब, साखळी तीच. एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला मीरा पाहिजे होती, ती नानाबरोबर केक करत होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

मिलिंदला गाडी थांबवायला लावून चार्ट पेपर, कोनमापक आणि लांब पट्टी आणली. त्याने विचारलं कशाला. म्हटलं, तुझ्या सासूबाईंची मदत. खूश झाला बिचारा.

हॅस्कट नावाचे सगळे दस्त कागदावर उतरवते आहे, शेजाऱ्यांसकट.

२७ जानेवारी, सोमवार

दोन आहेत.

एकाच काउंटीत, एकाच काळात, विल्यम हॅस्कट नावाची दोन माणसं. एक न्यायाधीश, नदीकाठी, नऊशे एकर, झोकदार सही. दुसरा तिथून पुष्कळ आत, दलदलीच्या वरच्या टोकाला, साठ एकर. त्याला सही येत नाही. खूण करतो, माशाच्या गळासारखी. दोघांचा एकही शेजारी सामाईक नाही.

आणि जोसेफने पुढे विकलेली जमीन? उत्तरेस दलदल, पूर्वेस तोच शेजारी, कोपऱ्यात तेच 'गम' नावाचं झाड, साठ एकर. दस्तात चक्क लिहिलंय, वडील विल्यम यांच्याकडून आलेली.

कॅ.बाई न्यायाधीशाच्या नाहीतच. त्या गळवाल्याच्या.

मग कोर्टाची बुकं काढली. गळवाला तिथेही आहे. न्यायाधीश म्हणून नव्हे. जमीन घेण्याआधी दुसऱ्याच एका जमीनदाराचा करारबद्ध नोकर, एकोणीस दिवस पळून गेला म्हणून मुदत वाढवून दिलेला. शिक्षा सुनावणाऱ्यांच्या यादीत विल्यम हॅस्कट, न्यायाधीश.

खरं लिहायचं तर आनंद झाला. उठून चहा केला, साखर घातली. डॉक्टरांनी बंद केलेली.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज सांगितलं.

एकटीला गाठून सांगता आलं असतं. चार दिवस होते हातात. मी जेवणाची वेळ निवडली. सगळे टेबलावर, मीरा नानाला चिकटून, भाषणाचे कागद पुढ्यात. चार्ट उघडला आणि पट्टी घेऊन दाखवलं. हा नदीकाठचा, हा दलदलीतला, हे शेजारी, ही खूण. सर्च सादर करावा तसा. कुणाला प्रश्न विचारायला जागा ठेवली नाही.

एमिली म्हणाली, आई, प्लीज. ती मला की कॅ.बाईंना म्हणाली, कळलं नाही.

कॅ.बाईंनी चार्ट स्वतःकडे वळवला. एक एक शेजारी बोटाने तपासला. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मी चुकीच्या माणसावर प्रेम केलं, शालिनी." आणि हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. पानात वरण-भात तसाच राहिला.

मीरा रडली. माझ्यासाठी एकच वाक्य होतं.

"यू वॉन्टेड टु विन."

मिलिंद भांडी लावत लावत म्हणाला, "खलास कर ना आता, आई. झालं तुझं." मी म्हटलं, चूक ती चूक. त्याने नळ सोडला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

कॅ.बाई सकाळी एकट्याच फिरायला गेल्या. उन्हात नाक लाल करून परत आल्या, मीरासाठी आईस्क्रीम घेऊन. मग माझ्यासमोर येऊन बसल्या, वही उघडली, म्हणाल्या, पहिल्यापासून शिकवा, हद्दी कशा वाचायच्या.

आरडाओरडा केला असता तर मला ठाऊक होतं काय करायचं. ही बाई पेन्सिलीला टोक काढून बसली.

शिकवलं. पटकन शिकतात. हाही त्रासच. दोन तासांत मीरा येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. चार्ट माझा, पट्टी माझी, शिकवते मी, आणि हनुवटी त्यांच्या खांद्यावर.

अर्जाचं काय करणार ते विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. तसाच पाठवला तर संस्था मंजूर करील, तिथे हद्दी कुणी वाचत नाही. हे फक्त या घराला माहीत आहे. तुम्ही काय केलं असतं?

मी ताबडतोब म्हटलं, "मी खोटं कागदावर राहू देत नाही."

२ फेब्रुवारी, रविवार

गळवाल्याची बायको सापडली. मार्जरी. कॅ.बाईंना सापडली, मला नाही. साठाखेरीज आणखी दहा एकर होते ते नवऱ्याने विकले, त्या दस्ताखाली कारकुनाचं टिपण. वाचता येईना म्हणून मला हाक मारली.

मी मोठ्याने वाचलं. विल्यमची बायको मार्जरी कोर्टात आली, तिला नवऱ्यापासून वेगळं नेऊन एकटीला विचारण्यात आलं, आणि तिने सांगितलं की जमिनीवरचा आपला हक्क ती आपल्या मर्जीने सोडते आहे.

एमिलीला ते फार आवडलं. कॅ.बाई म्हणाल्या, हे नेहमीचंच असायचं, बायकोला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय विक्री पक्की होत नसे. मी म्हटलं, उपयोग काय, नवरा दाराबाहेर उभा. ती काय 'नाही' म्हणणार होती?

कॅ.बाई म्हणाल्या, "बहुतेक नाही. पण तिला विचारलं."

मला भाजी टाकायची होती, मी उठले.

पळून जाणाऱ्या नोकराची बायको. तिलासुद्धा सही येत नव्हती. आणि पांढऱ्या विगातले साहेब खुर्चीवरून उठून, चला बाई, जरा इकडे या.

भाजीत मीठ दोनदा पडलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

मीरा तीन दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली. आपल्या बाजूचं वंशाचं झाडही लावायचं ठरलंय, नानाने सांगितलंय म्हणे. (नानाने.) तुझ्या बाबांची जमीन दाखव, प्रूफ दाखव.

सगळं आता सरकारी साइटवर आहे. गट नंबर पाठ. आजवर उघडलं नव्हतं. जगाचे फेरफार काढले, हा नाही. मीराने आकडे टाकले. दोन मिनिटं गोल गोल फिरून पान आलं.

भातखाचर आणि काजूची वरकस, उतारावरची जमीन. एक एकर बारा गुंठे. नाव दादाचं, खाली फेरफार. 'बहिणींनी हक्कसोडपत्राने हक्क सोडल्याने त्यांची नावे कमी केली.' तीन नावं. तिसरं माझं, माहेरचं नाही, सासरचं.

मीराने अर्थ विचारला. सांगितला. तिने विचारलं, तुम्ही का सोडलं? मी म्हटलं, आमच्याकडे बहिणी सोडतात.

"बट डिड समवन आस्क यू? लाइक मार्जरी?"

मी म्हटलं, तुझं होमवर्क.

वडील गेल्याला वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. दादाने दिवस ठरवला, आम्हा तिघींना गाडीने आणलं. नोंदणी ऑफिसात सगळे ओळखीचे, शालिनीताई आल्या, खुर्ची द्या. ह्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, वाद नको. वकीलसाहेबांना मसुदा करायला वेळ नव्हता, मला म्हणाले, तुम्हाला तर पाठ आहे. मीच टाईप केलं. 'स्वसंतोषाने, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहोत.' शेकडो वेळा टाईप केलेली ओळ. त्या दिवशी तेवढी एकच ओळ चुकीशिवाय टाईप झाली, बाकी पानभर खाडाखोड. संध्याकाळी वहिनीने तिघींना साड्या दिल्या. माझी मोतिया रंगाची.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मीरा शाळेत, एमिली आणि मिलिंद कामाला. कॅ.बाई म्हणाल्या, चला, पाण्याकडे जाऊ. कोपऱ्यावरून दोन करक चहा, इथला दुधाचा कडक चहा, घेतले, त्यांनी पैसे दिले. बाकावर बसलो.

म्हणाल्या, मीराने सांगितलं. मग विचारलं. अगदी हळू, चहाकडे बघत. तुम्ही आपल्या मर्जीने सही केली होती का?

पंचवीस वर्षं झाली. ह्यांनी विचारलं नाही, दादाने नाही, बहिणींनी एकमेकींना नाही. मिलिंदने नाही. आणि विचारलं कुणी, तर हिने. माझी खाट घेतलेल्या बाईने.

मी म्हटलं, ऊन चढतंय, घरी जाऊ. त्या उठल्या. हात पुढे केला, उठायला. घेतला नाही. गुडघा दुखत होता तरी.

घरी येईपर्यंत राग येत राहिला. त्यांचा वाटला आधी. लिफ्टमध्ये कळलं की मार्जरीचासुद्धा.

५ फेब्रुवारी, बुधवार

उद्या भाषण.

कॅ.बाईंनी अर्ज पाठवला नाही. सकाळी न्यायाधीशाचं पान फाईलमधून काढून कचऱ्यात टाकलं. मी परत काढून मागे लावलं, 'संबंध नाही' असा शेरा मारून. कागद टाकायचा नसतो. त्यांना ते पटलं. नवं पान सुरू केलं, वर गळाची खूण काढली. चांगली काढलीय.

खुर्चीचं असं झालं. मीरा जेवताना म्हणाली, नाना म्हणते, खुर्चीवर आजीने बसावं. हद्दी आजीने शोधल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवीस दिवस हीच खुर्ची पाहिजे होती. आता ती त्यांनी दिलेली. मी म्हटलं, बघू.

मग मीराने झाड दाखवलं. हा कच्चा कागद, मोठा प्रिंट उद्या सकाळी आधी मिलिंदच्या इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसात काढायचा. एका फांदीवर विल्यम, मार्जरी, जोसेफ. दुसऱ्या फांदीवर माझे वडील, दादा, आम्ही तिघी. माझ्या नावाखाली फेरफारातली आणि दस्तातली ओळ इंग्रजीत. शालिनी, हक्क सोडला, आपल्या मर्जीने.

मार्जरीच्या नावाखाली तेच शब्द.

"इज इट करेक्ट, आजी? मला ओन्ली करेक्ट थिंग्ज लावायच्यात. तू म्हणालीस ना, चूक ती चूक."

मिलिंदने मान वर केली. मामाला काय झोंबेल ते त्याला कळतं. उद्या फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार, दादा बघणार, वहिनी बघणार. तो हलकेच म्हणाला, आई, दस्तात आहे तेच आहे ना, राहू दे. यल्ला, चला, झोपा सगळे.

कॅ.बाई ताटं उचलायला लागल्या. मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाही. हेही कसं कळतं त्यांना.

मीराला म्हटलं, सकाळी सांगते. सातला निघायचं, साडेसहाला सांगते. तिने त्या ओळीपुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि नानाबरोबर आत गेली. दोघींचं हसणं ऐकू येतंय, कसलं ते माहीत नाही. मला बोलावलं नाही.

उद्याच्या खुर्चीसाठी साडी काढून ठेवली आहे. लागली तर. कागद टेबलावर उघडा आहे, खोडरबर शेजारी, पेन्सिलीला टोक आहे.